एकोणीस दिवसांची हजेरी

हजेरीपट उघडला तेव्हा शाम काळबांडे काही शोधत नव्हता. पुठ्ठ्याला चिकटलेली वाळवीची माती तेवढी झटकत होता. झटकताना पानं आपोआप मधोमध उघडली. डिसेंबर १९८८, इयत्ता दहावी ब. एकविसाव्या नावापुढच्या रांगेत 'गै', 'गै', 'गै' असं लागोपाठ लिहिलेलं दिसलं. गैरहजर. आधी त्याचं लक्ष फक्त अक्षराकडे गेलं. 'ग'वरच्या दोन्ही मात्रा मागे ओढून नेलेल्या, धावणाऱ्या माणसाचे केस जावेत तशा. अशा मात्रा तो आजही काढतो. फळ्यावर 'मैदान' लिहिलं की मागच्या बाकावरची पोरं हसतात. मग नावाकडे लक्ष गेलं. पूनमसिंग धावजी आडे. त्याला एकदम खाली बसावंसं वाटलं, पण त्या कोठीच्या खोलीत तीन पायांच्या बाकाशिवाय बसायला काही नव्हतं. म्हणून हजेरीपट छातीशी धरून तो उभाच राहिला. बाहेर मधल्या सुट्टीचा गलका चालला होता आणि त्याला उगाचच वाटलं, आपण इथं आहोत हे कुणाला कळता कामा नये.

मोहफाट्याचं हायस्कूल यंदा साठ वर्षांचं होत होतं. यवतमाळ शहर जिथं संपतं आणि घाटंजीचा रस्ता सुरू होतो, तिथली ही जिल्हा परिषदेची शाळा. शाम आधी तिथला विद्यार्थी आणि आता गेली एकवीस वर्षं तिथलाच मराठीचा मास्तर, म्हणून स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहायचं काम मुख्याध्यापिका मैत्रेयी मॅडमनी त्याच्यावर टाकलं होतं. सहा पानं त्यानं लिहूनही टाकली होती. बंद पडलेल्या कापूस-जिनिंगच्या गोदामात भरलेले पहिले वर्ग, बाकाखाली सापडणारी सरकी, टिनाच्या छपरावर पाऊस आला की शिकवणं थांबवून पाढे म्हणायला लावणारे पहिले मुख्याध्यापक. पुढं पक्की इमारत, विज्ञानाची खोली, आठशे मुलं, दोन पाळ्या. मग शहराचा पैसेवाला भाग पलीकडे सरकला, पिवळ्या बसगाड्या दारावरून भरून जाऊ लागल्या, आणि आता पट एकशे बारावर आला होता. हे सगळं त्यानं मोठ्या जिव्हाळ्यानं लिहिलं होतं. एक वाक्य तर त्याला स्वतःलाच आवडलं होतं: 'या शाळेने दारात आलेल्या कुणालाही परत पाठवले नाही.' ते आता आठवलं आणि त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

त्या हिवाळ्यात इंगोले सरांचा दमा बळावला होता. दहावी ब चे ते वर्गशिक्षक. सकाळी पहिला तास सुरू होताना ते खुर्ची घेऊन बाहेर उन्हात बसत आणि हजेरीपट मॉनिटरच्या हाती देत. मॉनिटर शाम. सरांसारखं पेनाचं टोपण दातात धरून नावं पुकारायची, समोरच्या साठ डोक्यांनी आपल्या आवाजाला जबाब द्यायचा, हे त्याला फार गोड लागलं होतं. इतकं, की रविवार नकोसा वाटे. पूनमसिंग बंजाऱ्यांच्या तांड्यावरून पाच किलोमीटर चालत यायचा आणि बहुतेकदा दहा मिनिटं उशिरा पोहोचायचा. उशिरा येणाऱ्याचा 'गै' नंतर खोडून 'ह' करायचा, अशी रीत होती. शाम ती पाळायचा. मग एका दिवशी भूमितीचं एक प्रमेय फळ्यावर शामला अडलं आणि पूनमसिंगनं जागेवरूनच पुढची पायरी सांगितली. सर खोकत खोकत हसले आणि म्हणाले, "मॉनिटर बदलावं लागते वाट्टे." एवढंच. दुसऱ्या दिवशी पूनमसिंग उशिरा आला, धापा टाकत बसला, आणि शामनं 'गै' खोडला नाही. त्यात खोटं काय होतं? हजेरीच्या वेळी तो नव्हताच. तिसऱ्या दिवशीही नव्हता. असे एकोणीस दिवस. आता बोट ठेवून त्यानं मोजले, जानेवारीच्या पानावरचेही धरून, आणि आकडा अठरा यावा म्हणून पुन्हा मोजले. जणू अठरा आले असते तर काही सुटका होती.

पण खरी गोष्ट त्या पानावर नव्हतीच. ती मुख्याध्यापकांच्या खोलीत घडली होती, आणि ती त्यानं इतकी खोल पुरली होती, की ती वर यायला घरी जाऊन जेवायला बसावं लागलं. भाकरीचा तुकडा मोडला आणि त्याला त्या खोलीतला चुन्याचा वास आला. दिवाळीच्या सुमाराला पूनमसिंग कापूस वेचायला गेला होता, ते दिवस खरेच बुडाले होते. त्यात हे एकोणीस मिळवले आणि हजेरी पाऊण टक्क्यानं कमी पडली. बोर्डाचं हॉल तिकीट अडलं. पूनमसिंग आणि त्याचा बाप धावजी बाहेर व्हरांड्यात उभे होते. आत मुख्याध्यापकांनी मॉनिटरला बोलावून विचारलं, "हा पोरगा म्हणते, मी रोज येत होतो. येत होता का?" इंगोले सर कपाटाला टेकून उभे होते. शामनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो म्हणाला, "हजेरीच्या वेळी नव्हता, सर." वाक्य खरं होतं. आयुष्यात तेवढ्या सफाईनं त्यानं दुसरं वाक्य उच्चारलं नसेल. बाहेर धावजीला निकाल कळला तेव्हा त्यानं पोराच्या पाठीत तिथंच एक रट्टा घातला. त्याचा आवाज आत आला. त्यानंतर पूनमसिंग शाळेत दिसला नाही, आणि शाम मार्चच्या परीक्षेत शाळेत पहिला आला.

"काय झालं? मीठ कमी आहे का?" बायकोनं विचारलं. तो नाही म्हणाला. सदतीस वर्षांत या गोष्टीनं त्याला कधी छळलं नव्हतं, हेच आता त्याला भयंकर वाटत होतं. उलट त्यानं तिचं एक सोयीचं रूप करून घेतलं होतं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात, सभेत, चहाच्या टपरीवर त्यानं किती वेळा म्हटलं असेल: तांड्यावरची पोरं हुशार असतात हो, पण मायबाप कामाला नेतात, टिकत नाहीत. आणि उदाहरण म्हणून एका वर्गमित्राचं नाव न घेता वर्णन केलं असेल. लोक मान हलवायचे. तोही हलवायचा. दोन दिवस तो शाळेत गेला, तास घेतले, हजेरी घेतली. एखादी मुलगी धावत दारात आली की तो "ये, ये, बस" असं इतक्या घाईनं म्हणायचा, की पोरं एकमेकांकडे बघायची. हजेरीपट त्यानं पिशवीत घालून घरी नेला होता. असले कागद नियमानं केव्हाच नष्ट करायचे असतात. चुलीत घातला असता तरी कुणी विचारलं नसतं. दुपारी मैत्रेयी मॅडम म्हणाल्या, "सर, इतिहास छान झालाय. फक्त काही जुन्या विद्यार्थ्यांची नावं घाला ना, वेगळ्या क्षेत्रातली. छापखाना सोमवारपर्यंत थांबेल." त्यानं मान हलवली, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर घरी न जाता घाटंजीच्या बसमध्ये बसला.

पूनमसिंगचं टायरचं दुकान रस्त्यालाच होतं. शामनं ते वर्षानुवर्षं बसमधून पाहिलं होतं. पाटीवर नाव होतं, ते वाचलंही होतं, आणि प्रत्येक वेळी आडे नावाचे लोक या भागात पुष्कळ, असं स्वतःला सांगून झालं होतं. पूनमसिंग ट्रॅक्टरच्या चाकाशी उकिडवा बसला होता. केस सगळे पांढरे, खांदे अजून तसेच रुंद.

"ओळखलं का?" शाम म्हणाला.

"मॉनिटर," पूनमसिंग वर न बघता म्हणाला, मग वर बघून हसला. "आवाजावरून ओळखलं गा. बस. कायले आला? गाडी पंक्चर झाली?"

शाम बसला. चहा आला. पांढरकवड्याहून हैदराबादेपर्यंत आपण वीस वर्षं ट्रक कसा चालवला, कंबर गेली म्हणून हे दुकान कसं टाकलं, हे पूनमसिंग मजेत सांगत राहिला आणि शाम ऐकत राहिला. त्याला वाटलं, हा माणूस सुखी दिसतो आहे, आता कायले उकरायचं? मग हेही कळलं, की हा विचार त्याच्या जुन्या विचारांच्याच घराण्यातला आहे. त्यानं पिशवीतून हजेरीपट काढला, पान उघडलं आणि पूनमसिंगच्या काळ्या हातांसमोर धरला. "हे अक्षर माझं आहे," तो म्हणाला. "तू येत होता. एकोणीस दिवस. मी खोडलं नाही. मुद्दाम."

पूनमसिंगनं हात पुसले. पान हातात घेतलं नाही, नुसतं वाकून बघितलं. रस्त्यावरून कापसाची एक गाडी गेली, तिची धूळ बसेपर्यंत तो वाकलेलाच होता. "सर तपासत नव्हते?" त्यानं विचारलं.

"सर बाहेर उन्हात बसत. त्यायले माहीत नव्हतं."

"सही त्यायची होती."

"सही महिन्याच्या शेवटी करत. न पाहता."

पूनमसिंग उठला, दुकानाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. शामला वाटलं, आता मारेल. मारावं, असं त्याच्या अंगातल्या एका कोपऱ्याला वाटलंही. खांदे आपोआप आखडले. पण पूनमसिंग म्हणाला, "म्या सरले मारलं होतं बे. तुले माहीत नाई?" शामला माहीत नव्हतं. "घाटंजीच्या बाजारात. दोन वर्सांनी. क्लिनर होतो तवा. सर भाजी घेऊन राह्यलते, बायको होती संगं. सगळ्या बाजारात थोबाडीत मारली. चश्मा पडला. म्हटलं, माही जात पाहून माही हजेरी खाल्ली तुमी. अन् त्यायनं..." तो थांबला. "त्यायनं चश्मा उचलला, पुसला, अन् गेले. एक शब्द नाई बोलले. म्या समजलो, चोराच्या मनात चांदणं."

शामनं जे केलं होतं त्याला आतापर्यंत एक आकार होता: एक मुलगा, एक वर्ष, एकोणीस खुणा. तो आकार आता फुटला. आपण दहावीच्या निकालाचे पेढे वाटले, नोकरीला लागलो, लग्न केलं, तेवढ्या काळात ही गोष्ट आपल्याला न विचारता गावोगाव हिंडत होती. ती कुणाच्या गालावर उमटली, कुणाच्या हातात शिरली. अजून कुठं कुठं गेली असेल? "सर गेले, ठाऊक आहे ना?" तो म्हणाला. पूनमसिंग म्हणाला, "ठाऊक आहे. अकरा वर्सं झाली. त्यायच्या बाई आहेत. चाल." आणि दुकान उघडंच ठेवून त्यानं पिकअपची चावी उचलली.

इंदुताई इंगोले घाटंजीत दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहत. दाराशी तूर वाळत घातली होती. त्यांनी शामला ओळखलं नाही. पूनमसिंगला मात्र बघताक्षणी ओळखलं आणि त्यांचा हात आपोआप दाराच्या चौकटीवर गेला. मग म्हणाल्या, "या, बसा बाप्पा. तूर ओलांडून या." आत शामनं पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना शब्द जरा लवकर सापडले, आणि त्याची त्याला लाज वाटली. इंदुताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्यायले माहीत होतं," त्या म्हणाल्या.

पूनमसिंगनं एकदम वर पाहिलं.

"निकाल लागल्यावर त्यायनं हजेरीपट घरी आणलता. मले दाखवलं. म्हणे, हे शामचं अक्षर आहे. म्या म्हटलं, मंग जाऊन सांगा ना. तर म्हणे, सांगतो कसा? पोराच्या हाती हजेरी देली, न पाहता सही केली, हे कबूल करा लागल. तवा नोकरी धोक्यात होती, दम्यानं सुट्ट्या झालत्या." त्या पूनमसिंगकडे वळल्या. "तू मारलं ना, त्या दिवशी घरी येऊन ते पोटभर जेवले. कितीक दिवसांनी जेवले. म्हणे, एकाचं तरी फेडून झालं."

पूनमसिंगनं मान खाली घातली. जमिनीवरचा तुरीचा एक दाणा तो बोटानं पुढे-मागे सरकवत राहिला. शामनं घाईघाईनं सांगितलं, की शाळेचा इतिहास छापून येतो आहे, त्यात तो हे सगळं लिहिणार आहे, स्वतःच्या नावानिशी. हे बोलताना त्याला पहिल्यांदा थोडा मोकळा श्वास घेता आला. सोमवारची तारीख त्याला काठासारखी दिसू लागली होती. पण इंदुताई म्हणाल्या, "नको लिहू." त्यांचा आवाज चढला नाही. "तू मोठा होशील. कबूल केलं म्हणून लोक वाखाणतील. अन् त्यायचं नाव काय राह्यल? हजेरी न घेणारा, भेलेला मास्तर. छत्तीस वर्सं शिकवलं त्या माणसानं. ते कोणी छापणार आहे का? माह्या जित्तेपणी नको."

हे शामच्या हिशेबात नव्हतं. कबुली देऊ नका, असं कुणी म्हणेल असं त्याला वाटलंच नव्हतं. त्यानं पूनमसिंगकडे पाहिलं, कारण छापायचं की नाही हे ठरवायचा हक्क आता त्याचा होता. आणि आता दोघांपैकी एकाचा तरी पुन्हा अपराधी व्हावं लागणार, हे त्याला एका क्षणात दिसलं. पूनमसिंगनं दाणा उचलून सुपात टाकला, उठला आणि इंदुताईंच्या पायांशी वाकला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. "चश्म्याची काडी तुटली होती," एवढंच म्हणाल्या. "दोऱ्यानं बांधून वापरला."

पिकअपमध्ये बसल्यावर पूनमसिंग म्हणाला, "छापू नको." शामनं काही तरी बोलायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "माफीबिफीचं नको काढू. मले ते जमत नाई. माही पोरगी आहे, अपेक्षा. शिकाले लागली तवा म्या तिले लई दाबलं, शाळा बुडवू नको म्हणून. एक डाव तोंडावर म्हणे, तुमीच बुडवली ना शाळा, आजोबा सांगते. काय सांगू तिले?" गाडी शाळेच्या दिशेनं न जाता डावीकडे कच्च्या रस्त्याला लागली. "पुस्तक राहू दे. तुह्या तोंडानं सांग. आत्ता."

तांडा संध्याकाळच्या उन्हात होता. पक्की घरं, अंगणात सोयाबीन मळल्यावरचं कुटार, हापशीवर बाया. पूनमसिंगच्या अंगणात बाजेवर एक अगदी वाळलेला म्हातारा बसला होता, डोक्याला मळकं पागोटं, डोळे पाणावलेले. धावजी जिवंत असेल, हे शामच्या मनातही आलं नव्हतं. दाराशी एक उंच मुलगी उभी राहिली, हातात पुस्तक, बोट पानात अडकवलेलं. पूनमसिंगनं कुणाची ओळख करून दिली नाही. "बा ले कमी ऐकू येते," तो म्हणाला. "जोरानं सांगा लागल."

शाम बाजेजवळ गेला. व्हरांड्यातला तो रट्टा, चुन्याचा वास, सगळं एकदम समोर आलं. मघाशी इंदुताईंसमोर सापडलेले शब्द इथं कामाचे नव्हते. ते हळू बोलायचे शब्द होते. त्यानं वाकून म्हटलं, "बाबा, तुमचा पोरगा शाळेत येत होता."

"काई?" धावजीनं कानाला हात लावला.

"पूनमसिंग शाळेत येत होता! रोज!" हापशीचा आवाज थांबला. "तो बुडवत नव्हता! मी वर्गाचा मॉनिटर होतो! मी त्याची खोटी गैरहजेरी लिहिली! मी!"

आवाज शेवटी चिरकला. शेजारच्या अंगणातून दोन माणसं पुढं आली, एक बाई हंडा तसाच खांद्यावर घेऊन कुंपणाशी थांबली. अपेक्षा पुस्तकातलं बोट काढायचं विसरून बापाकडे बघत होती, आणि बाप तिच्याकडे बघत नव्हता. धावजीचे ओठ हलत होते. ऐकलेलं तो चघळून बघत असावा. मग त्यानं मान वळवून मुलाला शोधलं.

"म्या तुले बैलाच्या काठीनं मारलं," तो म्हणाला. "दोन दिवस. रोज जातो म्हणतो, मंग जाते कुठी म्हणून."

"जाऊ दे ना, बा."

"तू सांगत होता मले. येत होतो म्हणून." म्हाताऱ्याचा हात हवेत उठला, पण पूनमसिंग दूर होता, तो हात पोहोचला नाही, आणि पूनमसिंगही पुढं सरला नाही. हात खाली येऊन बाजेच्या नवारीवर पडला. शामला वाटलं, आता जावं. त्याचं काम झालं होतं आणि काहीच हलकं झालं नव्हतं. तो दोन पावलं मागं सरला, तेवढ्यात धावजी पुन्हा बोलला, या वेळी त्याच्याकडे पाहून, तांड्याच्या नायकासारख्या भरड आवाजात.

"ओ मास्तर. अजून एक डाव सांग. हे लोक आता आले, यायनं आयकलं नाई."

कुंपणाशी माणसं वाढली होती. कुणी कुणाला काय झालं म्हणून विचारत होतं. शाम त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला. पळून जायला रस्ता मोकळा होता आणि पिकअपची चावी लागलेलीच होती. त्यानं पुन्हा सांगायला सुरुवात केली. या वेळी आपल्या नावापासून.